घोलपांची हिरवी गाडी

पहिला फटका बोनेटवर बसला तेव्हा मी थर्मासचं झाकण उघडत होते. चहा मांडीवर सांडला. मला वाटलं, ट्रॉलीवरून उसाची मोळी पडली. रस्त्यात उसाची ट्रॉली आडवी उभी होती आणि यांनी गाडी थांबवली होती, एवढंच मला ठाऊक होतं. मग दुसरा फटका बसला आणि मी मान वर केली. बोनेटपाशी तोंडाला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस उभा होता. त्याच्या हातात पहार होती.

"अहो, हा काय करालाय?"

"माला, खाली वाक," हे म्हणाले. "सीटच्या खाली बस. उठू नको."

हे म्हणजे माझा नवरा, जयसिंग वडणगेकर. कोल्हापूरला उद्यमनगरात आमचं लेथचं वर्कशॉप होतं. माणूस गरीब स्वभावाचा, अंगावर झुरळ चढलं तरी त्याला झटकून न मारता उचलून बाहेर सोडणारा. व्यसन म्हणाल तर सुपारीचंसुद्धा नाही. पण जुन्या, मोठ्या, श्रीमंतांनी वापरून टाकलेल्या गाड्यांचा नाद. लोक नव्या गाडीचे पेढे वाटतात, आम्ही आमच्या दारात आलेल्या म्हाताऱ्या गाडीला ओवाळायचो. त्यात ही जर्मन गाडी म्हणजे घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. कंपनीचं नाव सांगत नाही. उगाच त्यांची जाहिरात किंवा बदनामी माझ्या हातून नको.

सकाळी गाडी पोटावर बसलेली असायची, कारण तिला स्प्रिंगांच्या जागी हवेचे फुगे होते आणि रात्रभरात त्यातली हवा जायची. चालू करून थांबायचं, मग ती हळूहळू उठायची. तोवर हे शेजारी उभे राहून तिच्याकडं बघायचे. माझ्याकडं लग्नातसुद्धा तसं बघितलं नव्हतं. जो भाग मुंबईत मिळत नाही तो हे स्वतः लेथवर घडवायचे. मागच्या डाव्या काचेचा विजेवरचा पडदा वर जाऊन अडकला होता, खाली यायचं नाव घेत नव्हता. मी म्हटलं, ओढून काढून टाका. तर म्हणाले, "ओरिजिनल आहे. मोटर मिळेल कधीतरी."

आणि मी बसायचे त्याच पडद्याआड. पहिल्याच दिवशी यांनी मला मागचं डावं दार उघडून दिलं होतं. "ही गाडी पुढं बसायची न्हवं, माला. हिच्यात मालकानं मागं बसायचं असतं." म्हणून दर रविवारी हे ड्रायव्हर आणि मी मालकीण. गगनबावड्याच्या रस्त्याला जायचं, वाटेत चहा प्यायचा, परत यायचं. आठवड्यातून एकदा पळवली नाही तर हिचे सांधे धरतात, असं यांचं म्हणणं.

गाडी यांनी पुण्याच्या एका दलालाकडून घेतली. आधीचा मालक सर्जेराव घोलप. खाणी, जमिनी, आणि त्या मिळवायच्या सगळ्या पद्धती त्या माणसाकडं होत्या. गडद हिरव्या रंगाची तसली गाडी आमच्या भागात दुसरी नव्हती. ती दिसली की लोक घोलपच आला असं समजायचे, कारण तो माणूस स्वतः फारसा कुणाला दिसतच नसे, गाडी तेवढी दिसायची. आम्ही घेतल्यावरही सुरुवातीला गंमत झाली. नाक्यावर हवालदार सलाम ठोकायचे. एका ढाबेवाल्यानं जेवणाचे पैसे घ्यायला नकार दिला आणि आमच्याकडं बघून घाम पुसला. मी म्हटलं, "अहो, पांढरा रंग मारून घ्या बरं. मला हे सलाम नकोत." माझ्या बहिणीनं सांगितलं, वर्कशॉपमधल्या माणसांनी सांगितलं. हे हट्टाला पेटले. कारखान्यातून आलेला रंग, त्यावर दुसरा चढवला तर गाडी मेली म्हणायची. ज्यांना हा नाद नाही त्यांना हे पटायचं नाही. मलाही कधी पटलं नाही.

तर त्या रविवारी सकाळी पुढं ट्रॉली होती, मागं एक जीप येऊन वाट अडवून थांबली होती, दोन्ही बाजूंना उसाचे फड. जीपमधून पाचसहा जण उतरले. त्यातल्या एकानं यांच्या काचेवर कोयत्याची मूठ आपटली. यांनी काच बोटभर खाली केली.

"उतर खाली," तो म्हणाला. "तू पोटासाठी गाडी चालवतूस, तुझ्याशी आमचं वैर न्हाई. मागं न बघता चालत सुट."

"पाव्हणं, तुम्ही चुकताय," हे म्हणाले. "ही गाडी आता घोलपांची न्हाई. मी विकत घेतलीय. वडणगेकर माझं नाव."

"व्हय का? आणि मागं पडद्याआड कोण, तुझा आजा?"

"माझी मंडळी हाय."

तो हसला. मागं वळून ओरडला, "ए, घोलपाची बायकू झाली रं." बाकीचेही हसले. मग तो पुन्हा काचेला तोंड लावून म्हणाला, "माझ्या भावाच्या दोन्ही पायांवरनं त्यानं डंपर घातला. आज त्याला सोडत न्हाई. तुला शेवटचं सांगतो, उतर."

यांनी काच वर केली. त्या गाडीच्या काचा दुहेरी होत्या. काच बंद झाली की बाहेरचं जग बंद व्हायचं. हे पाहुण्यांना आत बसवून बाहेरून ओरडायचे आणि मग विचारायचे, काही ऐकू आलं का? तशी एकदम शांतता झाली. माणसांची तोंडं हलताना दिसत होती, पण आवाज नव्हता. इंजिन चालू होतं, तेही ऐकू येत नव्हतं. यांनी एक बटण दाबलं, चारही दारांची कुलुपं पडली. मग आपलं दार आतून उघडलं.

"अहो, कुठं चाललात?"

यांनी माझ्याकडं बघितलं नाही. खाली उतरले, दार लोटून लावलं, कधी आपटायचे नाहीत तसंच तेव्हाही आपटलं नाही. मी दोन सीटांच्या मधून बघत होते. मला वाटलं, आता हे निघाले. खरंच सांगते, मला तसं वाटलं. पण हे बोनेटपाशी थांबले, जिथं पहारीनं पोचा पडला होता तिथं हात ठेवला आणि तसेच वाकून उभे राहिले. ते मी डोळ्यांनी पाहिलं. बायको आत कोंडलेली आणि हा माणूस पत्रा चाचपतोय.

तेवढ्यात माझ्या कानाशेजारी काच तडकली. पडद्यामुळं मला बाहेरचं दिसत नव्हतं, बाहेरच्यांना मी दिसत नव्हते. नुसत्या सावल्या. एक सावली हात वर करायची आणि सगळी गाडी हादरायची. बाहेरची काच फुटली, आतली धरून राहिली. मी पुढच्या सीटमागं पाय ठेवायच्या जागेत घुसले आणि डोक्यावर पर्स धरली. पर्सनं काय होणार होतं? पुन्हा फटका. दाराच्या कडीला कुणीतरी हिसके देत होतं. मी देवाचं नाव घेतलं नाही. मी यांना शिव्या देत होते. आईवरच्या, बापावरच्या, उद्यमनगरात ऐकलेल्या सगळ्या.

मग फटके थांबले.

मी वर बघितलं. माझ्या दाराशी, पडद्याला चिकटून, एक पाठमोरी सावली उभी होती. ती यांची होती, मी ओळखली. हातवारे करून हे काहीतरी बोलत होते. समोरच्या सावल्या जराशा मागं झाल्या. एकानं मान तिरकी करून काहीतरी विचारलं. यांनी मान हलवली. आणि यांनी उजवा हात वर केला, कुणी मार चुकवायला करतो तसा, आणि कोयता खाली आला.

हात तोडून कोयता आतल्या काचेतून आत शिरला. त्याचं टोक माझ्या तोंडासमोर आलं आणि परत गेलं. त्या भोकातून पहिल्यांदा आवाज आत आला. यांचा आवाज. तीस वर्षांच्या संसारात तसला आवाज मी ऐकला नव्हता. पडद्याचं कापड लाल झालं आणि मग काळं दिसायला लागलं. सावली घसरत खाली गेली, आणि बाहेर त्यांनी यांना लाथांनी, पाइपांनी, जे हातात होतं त्यानं मारायला सुरुवात केली.

मी गप्प बसून राहिले असते तर? कुणीही आता माझ्या दाराकडं बघत नव्हतं. पण माझं डोकं फिरलं होतं. मी दोन सीटांच्या मधून पुढं घुसले. साडी कशाला तरी अडकली, मी ती फाडली. माझ्या वजनाची बाई त्या फटीतून कशी गेली ते आजही मला सांगता येणार नाही. ड्रायव्हरच्या जागेवर पडले, रिव्हर्स टाकला आणि पाय दाबला.

ती गाडी मागं धावली तशी आमच्या लग्नाच्या वरातीतली घोडीही धावली नव्हती. जीपवर आदळली. त्या दोन्हींच्या मध्ये कुणीतरी होतं. हाड मोडल्याचं मला सीटमधून कळलं आणि मग किंकाळी. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मी गाडी पुढं घेतली आणि पुन्हा मागं घातली. मग पुढचा गियर टाकून पहारवाल्यावर सोडली. तो चरीत उडी मारून वाचला, नाहीतर आज मी तुरुंगात असते. ट्रॉलीच्या चाकाला बंपर घासला आणि हॉर्न अडकला. तो वाजायला लागला तो थांबेना.

हॉर्न ऐकून फडातून ऊसतोडणीची माणसं धावत आली. त्यांच्याही हातात कोयते. तोंडं बांधलेले ते सगळे उसात पळाले, फक्त जीपपुढं पडलेला तेवढा राहिला. तो पोरगेला होता, तोंडावरचा टॉवेल सुटला होता, आणि एक पाय गुडघ्याखाली उलटा वळला होता. मी त्याच्यावरून पाऊल टाकून यांच्याकडं गेले. जाताना त्याच्या त्या पायावर मुद्दाम पाय दिला.

यांचं मनगट कातड्याला लोंबत होतं. डोकं फुटलं होतं. तोडणीतल्या एका बाईनं आपल्या डोक्याचं फडकं सोडून हाताला आवळून बांधलं, दोघा गड्यांनी यांना उचलून मागच्या सीटवर घातलं, बाकीच्यांनी जीप ढकलून वाट मोकळी केली. "बाई, तुमाला चालवाय येतीया न्हवं?" त्या बाईनं विचारलं. मी म्हटलं, आजपासून येते.

फुटक्या काचांतून वारा आत येत होता, हॉर्न बोंबलत होता आणि समोरची वाहनं बाजूला होत होती. कळे गाव मागं पडलं तेव्हा मागून यांचा आवाज आला.

"माला, काटा बघ."

"कसला काटा?"

"टेंपरेचरचा. रेडिएटर फुटलाय. लालमध्ये गेला तर बंद कर. इंजिन जाम होईल."

माझ्या अंगाची आग झाली. "रक्त वाहून चाललंय तुमचं आणि तुम्हाला इंजिनची पडलीय? बंद करू आणि तुम्हाला काय डोक्यावर घेऊन जाऊ?"

"मग वाटेत बंद पडली तर? म्हणून म्हणालो."

"गप्प बसा."

मग ते गप्प बसले. इतके गप्प बसले की मी दर थोड्या वेळानं "अहो" म्हणायचे आणि हूं ऐकू आलं नाही तर पुन्हा ओरडायचे. काटा लालमध्ये कधीच गेला होता. बोनेटमधून धूर येत होता. सरकारी दवाखान्याच्या फाटकात गाडी आत घेतली आणि इंजिन एक मोठा आचका देऊन थांबलं. ते पुन्हा कधी फिरलं नाही.

डॉक्टरांनी यांना वाचवलं. हात वाचला नाही. लेथ चालवणारा उजवा हात, मनगटाखाली काही उरलं नाही.

पोलिसांना यांनी जबाब दिला की उतरल्यावर काय झालं ते आठवत नाही, पहिल्याच घावाला शुद्ध गेली. मला मात्र पाठ होतं ते सगळं. टाके निघाल्यावर मी विचारलं, "का उतरलात?"

हे छताकडं बघत म्हणाले, "बोनेट वाकवत होते गं."

"काय?"

"ओरिजिनल बोनेट होतं."

त्या दिवशी मी दवाखान्याच्या खोलीत जेवणाचा डबा भिंतीवर मारला. दुसऱ्या दिवशी खुद्द सर्जेराव घोलप भेटायला आला, मागं चार माणसं आणि फळांची करंडी घेऊन. "माझ्यावरचं तुमच्यावर गेलं," तो हात जोडून म्हणाला. "चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. गाडी रंगवून घ्यायची होती तुम्ही." मी करंडीतली मोसंबी उचलली आणि एकेक त्याला फेकून मारली. त्याची माणसं पुढं आली, पण त्यानंच त्यांना थांबवलं आणि डोक्यावर हात धरून बाहेर गेला. हे पलंगावर पडून हसत होते. मला त्यांच्या हसण्याचाही संताप आला.

त्यानंतरचे महिने मी नुसत्या रागावर काढले. सगळ्या गणगोतात बोलणं झालं की जयसिंगरावांनी पत्र्यापायी हात घालवला. मी कुणालाही खोडून काढलं नाही. रागानं यांना आंघोळ घालायचे, रागानं घास भरवायचे. अंथरुणात लोळत राहिले की पांघरूण ओढून काढायचे. "पत्र्यासाठी उतरताना आळस आला नव्हता, आता का येतो? उठा." डाव्या हातानं सही शिकवताना पाटीवर बोटं आपटायचे. वर्कशॉपमध्ये मी उभी राहायला लागले, हे शेजारी बसून सांगायचे आणि माणसं लेथ चालवायची. रात्री मी पाठ करून झोपायचे. आपल्या नवऱ्याच्या लेखी आपली किंमत एका बोनेटइतकी नाही, हे जिला कळलं तिनं आणखी काय करायचं?

खटला वर्षभरानं उभा राहिला. ज्याचा पाय मी मोडला होता तो माफीचा साक्षीदार झाला होता. अर्जुन खोत त्याचं नाव. कुबडी घेऊन तो पिंजऱ्यात चढला. मी आणि हे मागच्या बाकावर बसलो होतो. मी मुद्दाम यांच्यात आणि माझ्यात पिशवी ठेवली होती.

सरकारी वकिलांनी विचारलं, "गाडीत घोलप नाहीत हे तुमच्या लक्षात आलं नाही?"

"न्हाई साहेब. आमच्यातल्या कुणीच त्यांना जवळनं बघितलं नव्हतं. गाडी वळखायची, एवढंच ठरलं होतं. मागं पडदा होता. घोलप मागं बसतो, ड्रायव्हरला सोडायचा, असंच सांगितलं होतं."

"मग ड्रायव्हरवर वार का केला?"

 कुबडीवर रेलून अर्जुन खोतनं आमच्या बाकाकडं पाहिलं.

"त्यांनी आधी खरं नाव सांगितलं होतं. आम्हाला पटलं न्हाई. ते उतरले तवा आम्ही त्यांना वाट करून दिली, जावा म्हणालो. ते बोनेटला धरून उभं राहिले. पाय लटपटत होते त्यांचे, चालाय येत नव्हतं. आम्ही मागची काच फोडाय लागलो. तवा ते आले आणि दाराच्या आड उभं राहिले. म्हणाले, ड्रायव्हर आज आला न्हाई, म्हणून मीच गाडी चालवतोय. मीच सर्जेराव घोलप. आत परक्याची बाई हाय, तिला काय ठावं न्हाई, तिला हात लावू नका."



"आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवलात?"

"कोयतेवाल्या दादानं इचारलं की त्यांना, खरंच घोलप का म्हणून. ते व्हय म्हणाले. कोयता डोक्यावर असताना त्या माणसाचं नाव खोटं कोण घेतंय, साहेब? मग आम्ही बाईकडं बघितलंच न्हाई."

मी यांच्याकडं वळले. हे वर पंख्याकडं बघत होते. दुपारी कोर्ट उठलं, तशी मी यांना दंडाला धरून बाहेर आणलं. आवारात वकील, पक्षकार, बेड्यातले आरोपी, चहावाले, सगळी गर्दी होती.

"हे खरं?"

"असेल," हे म्हणाले. "घाईत काय काय बोललो, कुणाला आठवतंय."

"मग बोनेट, बोनेट काय लावलं होतं वर्षभर?"

हे पायरीवर बसले. डाव्या हातानं उजवी बाही खाली ओढली, आत काही नव्हतं ते झाकायला.

"तुला कळलं असतं तर तू रोज ह्या हाताकडं बघून रडली असतीस, माला. ते मला बघवलं नसतं. आणि तू गोंजारत बसली असतीस तर मी अंथरुणातनं उठलोच नसतो. चिडलीस ते बरं झालं. तुझ्या रागावर मी उभा राहिलो."

मी हात उचलला आणि सगळ्यांच्या देखत यांच्या थोबाडीत मारली. आवाज असा झाला की चहावाल्यानं मान वळवली. एक हवालदार धावत आला आणि आमच्या मध्ये उभा राहिला.

"ओ बाई, काय चाललंय? कोण हे तुमचे?"

 गाल चोळत हे म्हणाले, "काही न्हाई हवालदार. घरचं हाय." हवालदार जरा वेळ घुटमळला आणि गेला. मी यांच्याशेजारी पायरीवर बसले आणि इतके दिवस यांनी जे होऊ दिलं नव्हतं ते करायला लागले. भर कोर्टाच्या आवारात, मोठ्यानं, त्या रिकाम्या बाहीत तोंड घालून.